काका, तुमच्या रविवारांबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

आभाराचा विषय काढला की तुम्ही "ते राहू दे, नोकरी कशी चाललीय ते सांग" म्हणून बोलणंच वळवता. म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर तुम्ही दर रविवारी साताऱ्याहून पहिल्या एसटीनं माण तालुक्यातल्या आमच्या गावी यायचात. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात सतरंजी टाकून आम्हा अकरावी-बारावीच्या पोरांना घेऊन बसायचात. आम्ही नऊ-दहा जण होतो, पण ज्वारीची काढणी नाहीतर जत्रा आली की कुणी फिरकायचं नाही. एका रविवारी मी एकटीच आले. वाटलं, आता तुम्ही परतीची गाडी धरणार. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, आज तुझी त्रिकोणमिती संपवून टाकू." दुपारच्या गाडीपर्यंत बसलात. एकट्या माझ्यासाठी कुणी मोठ्या माणसानं एवढा वेळ दिल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

२०१९ ची ती संध्याकाळही आठवते. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला होता आणि कॅपचा, म्हणजे सामाईक प्रवेश प्रक्रियेचा, कॉलेजांचा पसंतीक्रम मी तालुक्याच्या गावी एका दुकानात भरून आले होते. भरून देणाऱ्यानंच ठरवलं होतं, "पोरीला घराजवळचं बरं." जवळचं कॉलेज एक नंबरला टाकलं होतं. तुम्ही तो कागद बघितलात आणि विचारलंत, "हे पहिलं कुणी लिहिलं? तुला कुठं जायचंय?" तोवर मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मग तुम्ही समजावलंत की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा तिथंच गोठते, पुढच्या फेरीचा रस्ता बंद. आदल्या वर्षीच्या कटऑफची यादी काढलीत, पट्टी ओळीखाली धरून एकेक आकडा मला वाचायला लावलात. फॉर्म अजून कन्फर्म केलेला नव्हता हे नशीब. खाली रेंज नव्हती, म्हणून वाचनालयाच्या गच्चीवर उभं राहून तुमच्या मोबाइलवर क्रम बदलला. बोट माझं होतं, तुम्ही फोन धरून उभे होतात. कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला तो त्यामुळे.

नंतर महाडीबीटीवर, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, माझा अर्ज अडकला. तुम्ही एक फोन केला असतात तर काम लवकर झालं असतं. तो तुम्ही केला नाहीत. नंबर लिहून दिलात, काय विचारायचं ते वहीत तीन ओळींत लिहायला लावलंत आणि शेजारी बसून राहिलात. माझा आवाज कापत होता. आमचे अण्णा आयुष्यभर कुठल्याही कचेरीत हात जोडून दारातच उभे राहिले, आणि मी तिथल्या साहेबांना विचारत होते, "अर्ज कुठल्या टेबलावर आहे?" पुढं नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा मला याच फोनचा आधार वाटला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा कितीतरी खेड्यांतल्या पोरांना शाळाच नव्हती. आमच्या वेळी शाळा होती, जीव लावून शिकवणारे गुरुजी होते. पुढची वाट चाललेलं माणूस मात्र घरात नव्हतं. शिकलेल्या घरात जे जेवताना सहज कानावर पडतं, कुठला दाखला कधी काढायचा, कुठली तारीख चुकवायची नाही, ते आम्हाला सांगणार कोण? ते तुम्ही सांगितलंत, एक पैसा न घेता. आईनं बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा तेवढा नेलात.

आता शिरवळहून दर रविवारी येणं मला जमत नाही, पण महिन्यातले दोन रविवार त्याच वाचनालयात बसते. तीन मुली येतात. त्यातली एक हुशार आहे, पण "इंजिनीअरिंगची फी कुठनं आणायची" म्हणून बी.ए.चा फॉर्म आणून बसली होती. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्येच निघालाय. तिच्या घरी पत्ताच नव्हता. मी तो मोबाइलवर उघडून दिला आणि तिलाच मोठ्यानं वाचायला लावला.

तिचे वडील अजून तयार नाहीत. राहायचा-जेवायचा खर्च आहेच, आणि पोरगी लांब जाणार ही धास्ती. माझं ते ऐकून घेतात, पण मी त्यांच्या लेखी पोरच. आमच्या अण्णांना तुम्ही ओट्यावर बसून दोन चहा होईस्तोवर समजावलं होतंत, तसं कुणीतरी बसायला हवं. येत्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. याल का? एसटीनं नको, गुडघे सांभाळा. मी साताऱ्यात घ्यायला येते.

तुमची,
वाचनालयातली विद्यार्थिनी