गावाच्या वेबसाइटचा पासवर्ड गावाकडे असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की रविवारी अर्धं इंदूर महूच्या बाजूला धावतं. पाताळपाणी आणि तिंछाचे धबधबे, चोरल नदी, जानापावचा डोंगर; ज्यांच्याकडे दिवस मोकळा असतो ते मांडूपर्यंत. याच दिवसांत ‘गावाच्या पर्यटनासाठी वेबसाइट काढू’ ही टूमही दरवर्षी निघते. वेबसाइट बनवणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे ही कामं कशी मागितली जातात आणि उद्घाटनानंतर त्यांचं काय होतं, हे मी जवळून बघते.

मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते. वर फिरते फोटो हवेत, सरपंचांचा आणि साहेबांचा फोटो हवा, ‘गावाचा इतिहास’ हवा, किती लोकांनी पाहिलं त्याचा आकडा हवा, आणि सगळं अमुक तारखेच्या आत. हार-तुरे होतात, बातमी छापून येते. पासवर्ड मात्र गावात कुणालाच माहीत नसतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, ठेकेदाराच्या खात्यावर, त्याच्याच ई-मेलवर नोंदवलेलं असतं. ते चालू ठेवायला दरवर्षी हजाराच्या आतबाहेर रुपये लागतात. रक्कम किरकोळ, पण पंचायतीच्या हिशेबात तिला रकानाच नसतो. मुदत संपल्यावर थोडे दिवस सवलतीचे मिळतात, मग ते नाव मोकळं होतं आणि जो आधी उचलेल त्याचं होतं. अशा नावांवर टपून बसणारे लोक आहेत, कारण सरकारी पानांवरून त्या पत्त्याला लिंक दिलेल्या असतात आणि त्या तशाच राहतात. परिणामी गावच्या देवळाच्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात उघडते. हे मी पाहिलंय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण बदनामी गावाची होईल आणि चूक त्याची नव्हती.

जाणाऱ्याला इतिहास नंतर लागतो. आधी त्याला हे हवं असतं: आज रस्ता चालू आहे का, जेवण मिळेल का, बायकांसाठी धड शौचालय आहे का, मुक्कामाची सोय आहे का, आणि दिलेल्या नंबरावर फोन कुणी उचलतं का. पाताळपाणी–कालाकुंड गाडीचंच बघा. होळकरांनी इंग्रजांना एक कोट रुपये कर्जाऊ देऊन जी मीटरगेज लाइन घालून घेतली, तिचा हा उरलेला तुकडा. २०१८ पासून त्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. पण ती बारा महिने चालत नाही आणि वार, वेळाही बदलतात. नेटवर मात्र जुनी वेळापत्रकं तशीच पडलेली असतात. मुलाबाळांना घेऊन निघालेलं कुटुंब गाडी नाही म्हणून चिडून परत येतं, त्याचं काही फार बिघडत नाही. एक रविवार जातो. कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद विकायला बसलेल्यांचा मात्र त्या दिवसाचा माल अंगावर पडतो.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. २०११ च्या जुलैमध्ये पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब मधल्या खडकावर अडकलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. तो व्हिडिओ देशभर फिरला, तरी आजही लोक त्याच पाण्यात उतरून सेल्फी काढतात. धबधब्यापाशी लख्ख ऊन असतं तेव्हा वर कुठेतरी पाऊस कोसळून गेलेला असतो. पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा वाहत येऊ लागला, की तिथल्या गुराख्याला ते कळतं. इंदुरात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मला कळत नाही आणि भोपाळच्या कचेरीला तर नाहीच. ‘आज खाली उतरू नका’ एवढी एक ओळ सकाळी गावातून टाकता आली, तर ती वेबसाइट कामाची. त्यासाठी ती गावातल्या माणसाच्या मोबाइलवरून बदलता यायला हवी.

म्हणून माझं म्हणणं असं की, सजावटीवर जाणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढावा. बचत गटातली एखादी बारावी झालेली मुलगी हे काम आरामात करेल, फक्त तिला महिन्याचं मानधन ठरवून द्या. ‘गावासाठी कर’ म्हणून फुकट राबवू नका. डोमेन पंचायतीच्या किंवा गटाच्या नावावर असावं आणि निदान पाच वर्षांचे पैसे एकदमच भरून टाकावेत. बाकी पान साधं असलं तरी चालतं. किंबहुना साधंच असावं, कारण घाटात नेटवर्क जेमतेम असतं आणि जड फोटोंचं पान तिथे उघडतच नाही. आणखी एक खोड मोडायला हवी. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा फोटो काढून तो तसाच चिकटवतात. सर्चमध्ये ते गाव सापडत नाही आणि अंध माणसाच्या मोबाइलला त्यातलं अक्षरही वाचून दाखवता येत नाही.

आपल्या मध्य प्रदेशात चांगली उदाहरणं आहेत. ओरछ्याजवळच्या लाडपुरा खासचं नाव २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या स्पर्धेसाठी भारतातर्फे गेलं. २०२४ मध्ये केंद्राच्या उत्कृष्ट पर्यटन ग्रामांच्या यादीत ते आलं आणि चंदेरीजवळचं प्राणपूरही आलं. एका गावात पाहुण्यांना राहायला घरं होती, दुसऱ्यात हातमाग चालू होते. दाखवायला काही असलं की वेबसाइट त्याला चार गिऱ्हाईकं आणून देते, नसलं तर आलेला माणूस शिव्या घालत जातो आणि मोबाइलवर एक स्टार देतो.

गावाला पाहुणे हवेत की नकोत, हेही कुणी विचारत नाही. स्वच्छतेत २०१७ पासून पहिल्या नंबरावर बसलेलं आपलं शहर रविवारी चोरलच्या काठावर काय टाकून येतं, ते सोमवारी जाऊन बघावं! ‘गाड्या पुलाअलीकडे लावा, शेतात शिरू नका, कचरा परत न्या’ असं गावाने आपल्याच पानावर ठणकावून लिहिलं तर मला तरी आनंदच होईल.

शेवटी आपल्या मराठी मंडळींच्या कामाचं. नर्मदा परिक्रमेला महाराष्ट्रातून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह या बाजूला काठाकाठाने चालताना मराठी सतत कानावर पडते. आज हे लोक आधी जाऊन आलेल्यांच्या वह्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या याद्यांवर चालतात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या झाडीतल्या जुन्या वाटा गेल्या, पण सगळ्याच याद्या काही त्याप्रमाणे बदललेल्या नाहीत. काठावरच्या गावांनी हिंदीसोबत मराठीतही एकेक पान ठेवावं: सदावर्त (परिक्रमावासींसाठीचा शिधा) कुठे मिळतं, पुढचं गाव किती कोस, दवाखाना कुठे. मराठी लिहून द्यायला इंदुरात माणसांचा तोटा नाही, आपली मंडळं कोजागरी आणि गणेशोत्सवाखेरीज एवढंही करू शकतील. फक्त तिथे ‘बुक करा’चं बटण लावू नये. परिक्रमावासीला दिलेल्या भाकरीचे पैसे काठावरची माणसं घेत नाहीत आणि ते तसंच राहू द्यावं.

चातुर्मासात परिक्रमा थांबते, कार्तिकी एकादशीनंतर माणसं पुन्हा वाटेला लागतात. एवढ्या मुदतीत अशी पाच-सहा गावांची पानं उभी राहू शकतात. पर्यटन खात्याने किंवा जिल्हा पंचायतीने गावं सुचवावीत. माझ्यासारखी या धंद्यातली दोन-चार माणसं पहिल्या वर्षीचं काम विनामूल्य करायला तयार आहेत. अट एकच, पासवर्ड पहिल्याच दिवशी गावाच्या हाती दिला जाईल.

आपली,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर