तो तंबू नदीकाठी नाही, पात्रात आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हिवाळी भटकंतीवरचा लेख वाचला. लेख छान आहे, तक्रार फोटोबद्दल आहे. खालच्या ओळीत ‘नदीकाठी तंबू’ म्हटलंय. पण ते तंबू गुळगुळीत गोट्यांवर उभे आहेत आणि मागच्या झुडपांत वाहून आलेला काडीकचरा लटकतोय. तो काठ नव्हे, नदीचं पात्र आहे.

हे मी तोऱ्यात सांगतेय खरी, पण गेल्या फेब्रुवारीत हीच चूक मी केली. तीही तेहेतीस वर्षं भूगोल शिकवून.

आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या साठीच्या आसपास, कोलाडला कुंडलिका नदीवर गेलो होतो. रात्री तंबूत मुक्काम, सकाळी राफ्टिंग. बुकिंग करताना काय काय विचारलं! कमोड आहे का, आंघोळीला गरम पाणी मिळेल का, एकीची एकादशी, तिला साबुदाणा होईल का. तंबू कुठे ठोकणार, हे एकीनेही विचारलं नाही.

पोचलो तेव्हा नदी अगदी गरीब दिसत होती. मधे एक धार, दोन्ही बाजूंना कातळ आणि गोटे. कॅम्पवरच्या पोरांनी त्या गोट्यांतच सपाट जागा बघून तंबू उभे केले. पाय पाण्यात सोडून चहा पिता येतोय म्हणून आम्हीही खूश. अंधार पडता पडता धुण्याचं घमेलं डोक्यावर घेतलेल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “बायांनो, इथं झोपू नका. सकाळी पाणी सुटतं, रोजचंच आहे.” कॅम्पवाला म्हणाला, “काही होत नाही ताई, आमचं रोजचंच आहे.” शब्द दोघांचे तेच!

तेव्हा कुठे मला वर्गातला नकाशा आठवला. कुंडलिकेत पावसाळा संपल्यावरही राफ्टिंग चालतं, कारण घाटमाथ्यावर मुळशीच्या तलावात अडवलेलं पाणी बोगद्यातून आणि मोठमोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून हे चालू आहे. वीज तयार झाली की तेच पाणी पुढे नदीत येतं. मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते रेवदंड्याला अरबी समुद्रात पडतं. फळ्यावर मी हे कितीदा काढलं असेल! आणि आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी वाढायची नाही, असं समजून त्याच पाण्याच्या वाटेत गादी घालून बसले होते.

रात्री दहाला हट्टाने तंबू वर, आंब्याखाली हलवायला लावले. पोरं कुरकुरली, मग खुंट्या आम्हीच उपटल्या. सकाळी पोहे खाताना खाली बघितलं तर आमचा चहाचा कातळ दिसेना. ना आवाज, ना लोंढा. पाणी नुसतं भरत आलं होतं, झोपलेल्या माणसाला पत्ता लागू नये असं.

नंतरचं राफ्टिंग मात्र झकास झालं. गाइड मुलगा जवळच्याच गावचा, प्रत्येकीच्या जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघणारा. संथ पाण्यात त्याने आम्हाला उतरू दिलं. पोहता न येणारी आमची एक मैत्रीण जॅकेटच्या भरवशावर उताणी तरंगत राहिली, ती बोटीत यायलाच तयार नव्हती. दुसरी पौडची. तिच्या आजोळची भातखाचरं मुळशीच्या तलावाखाली गेलेली. सेनापती बापटांचं नाव आणि या धरणाविरुद्धचा १९२१चा मुळशी सत्याग्रह तिला शाळेच्या आधी आजीकडून कळला. वल्हं मारता मारता ती म्हणाली, “आमच्याच शेतावरचं पाणी, आणि त्यावर बसायला पैसे मोजलेत!”

तर विनंती अशी, की फोटोखालची ओळ पुढच्या वेळी कुणा जाणत्याला दाखवा. आणि वाचकहो, फोनवर कमोडच्या आधी तंबूची जागा विचारा. दगडावरची ओलीची रेघ, वाळलेलं शेवाळ, झुडपात अडकलेला कचरा, जे सगळ्यात उंचावर दिसेल त्याच्या वर झोपा. कॅम्पवाल्यांनी पाणी सुटायची वेळ रोज फळ्यावर लिहावी, खडूचा खर्च मी देते.

आम्ही जानेवारीत पुन्हा जातोय. पौडकरीण म्हणते, तिची वसुली अजून बाकी आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चिंचवड