ओव्यांच्या पुस्तकाचं सदोष स्कॅनिंग आणि तोडलेली बांधणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

माझ्या आजीने गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं १९३८ साली छापलेलं पुस्तक मी स्कॅनिंगसाठी तुमच्याकडे दिलं होतं. डेमी आकार, २१२ पानं. घरात एवढी एकच प्रत उरली आहे आणि ती पुन्हा छापायची आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (हक्कांचा प्रश्न नाही. आजी १९५७ साली गेली, कायद्यातली ६० वर्षं २०१७ अखेर संपली.)

ऑर्डरच्या कागदावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात ‘शिवण उसवायची नाही’ असं लिहिलेलं आहे. परवा कुरिअरने आला तो रबरबँड लावलेला सुट्या पानांचा गठ्ठा. पाठ सरळ कटिंग मशीनखाली उडवलेली. सुटी पानं मशीनमध्ये भराभर जातात, हे मलाही कळतं. पण पुस्तक उघडं ठेवून वरून फोटो घेणारं यंत्र दाखवूनच तुम्ही पानामागे जादा दर लावला होता ना? कापताना आतला समास तर गेलाच, काही पानांवर ओळीचं पहिलं अक्षरही गेलं. पान ८७ वर ‘माहेराला’चं ‘हेराला’ झालं आहे.

ठरलं होतं ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पानाला ३३०० बाय ५१०० पिक्सेल यायला हवेत. फाइल उघडली तर १६५० बाय २५५०, म्हणजे दोन्ही बाजूंनी निम्मे. फोनवर उत्तर मिळालं, “मॅडम, पीडीएफ दिसतेय ना?” दिसतेय. छापायची आहे.

आता ओसीआर करून, म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून दिलेला मजकूर. पुस्तकात पानावर दोन रकाने आहेत, डावीकडे भावाच्या ओव्या, उजवीकडे सासुरवासाच्या. तुमच्या सॉफ्टवेअरने ते आडवे, एका दमात वाचले. त्यातून ‘भाऊ माझा आला दारी सासू बोले टोचून’ अशी ओळ तयार झाली. त्या बिचाऱ्याला कशाला बोलते ती, असं आईने विचारलं. घरात हसलो खरे, पण २१२ पानं अशीच आहेत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच. कुणीतरी हा मजकूर ‘शुद्ध’ केला आहे. मी सांगितलं नव्हतं. उच्चार नसलेली टिंबं (अनुस्वार) काढणाऱ्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं हे पुस्तक आहे. त्यात ‘मीं’, ‘तूं’, ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गेलें’ असंच असणार, आणि ‘घरांत’ म्हणजे एकाच घरात. त्या चुका नाहीत, तेव्हाची रीत आहे, आणि मला ती तशीच छापायची आहे. टिंबं पुसण्याच्या भरात जिथे उच्चार आहे तिथलीही गेली: ‘अंगण’चं ‘अगण’ झालं. ‘वाऱ्यावर’ सगळीकडे ‘वार्यावर’. दोन संध्याकाळी मूळ पानांशी ताडून पाहिलं, चौदाव्या पानावर सोडून दिलं.

माझ्या मागण्या अशा: मूळ पानांचं ६०० डीपीआयने, टिफ स्वरूपात (चित्राचा तपशील न गमावणारी फाइल) पुन्हा स्कॅनिंग, कुठलीही सफाई न करता. त्यासाठी पुस्तक मी स्वतः घेऊन येईन आणि समोर बसेन. ओसीआरचे पूर्ण पैसे परत. आणि पुस्तक हाताने शिवणाऱ्या बाइंडरकडून तुमच्या खर्चाने बांधून, बाइंडर मी निवडलेला. गेलेली अक्षरं परत येणार नाहीत, त्याची भरपाई किती ते तुम्हीच लेखी कळवा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही.

तुमच्या काउंटरवरच्या मुलीने पुस्तक घेताना ते स्वच्छ फडक्यात गुंडाळलं होतं. तिचा यात काही दोष नाही, तेवढं बघा.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: ऑर्डरच्या कागदाचा आणि पान ८७ चा फोटो, पावतीची प्रत