परवानगी देण्यापूर्वी व्हीलचेअरची जागा विचारा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : संगीताच्या कार्यक्रमांत दिव्यांग श्रोत्यांची होणारी अवहेलना आणि कार्यक्रमाच्या परवानगीतच सुगम्यतेची (दिव्यांगांना जागा अडथळ्याविना वापरता येण्याची) अट घालण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी पुण्यात एका मैदानावर झालेल्या संगीताच्या कार्यक्रमाला मी साडेचार हजार रुपयांचे तिकीट काढून गेले होते. मी व्हीलचेअर वापरते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच आयोजकांच्या मदत क्रमांकावर फोन करून मी विचारले होते की व्हीलचेअरसाठी उंच चौथरा आहे का, तिथपर्यंतची वाट सपाट आहे का आणि मला वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का. सगळ्याला "हो" असे उत्तर मिळाले आणि तसा ईमेलही आला. प्रत्यक्षात चौथरा होता, पण त्यावर प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी सोफे मांडलेले होते. वाट खडीची होती. स्वच्छतागृहे होती ती प्लास्टिकची, फिरती, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच आणि माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद दाराची.

मला कोणाची सहानुभूती नको आहे. परंतु ज्या खात्याच्या नावात संस्कृती आहे, त्या खात्याच्या मंत्र्यांना तिकीट काढून आलेल्या श्रोत्याशी कसे वागले जाते, हे तपशिलाने कळायला हवे, म्हणून पुढचे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली. तेव्हापासून लघवीसाठी मला ठरावीक तासांनी कॅथेटर, म्हणजे एक बारीक नळी, वापरावा लागतो आणि त्याची निर्जंतुक पाकिटे माझ्या पिशवीत कायम असतात. प्रवेशद्वारावर तपासणी करणाऱ्या मुलाने त्यातले एक पाकीट बाहेर काढले, ते वर धरले आणि पलीकडच्या सहकाऱ्याला मोठ्याने विचारले, "हे आत चालतं का?" मागे शंभर माणसांची रांग होती. माझ्या शरीराविषयी जी गोष्ट मी सख्ख्या भावाशीही बोलत नाही, ती माझ्यासोबत आलेल्या भाचीने त्या मुलाला रांगेसमोर समजावून सांगितली. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण त्याला दिवसभरासाठी एक टी-शर्ट देऊन उभे करताना त्याच्या मालकाने अशी माणसेही गाणे ऐकायला येतात हे सांगितलेलेच नव्हते.

खडीत चाके रुतल्यावर एक स्वयंसेवक धावत आला आणि म्हणाला, "ताई, काळजी करू नका, चार पोरं बोलावतो, उचलून नेतो." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला तोंडपाठ आहे. नाट्यगृहात, मंगल कार्यालयात, मतदान केंद्रावर, सगळीकडे रॅम्प नसल्याचे उत्तर म्हणून चार पोरे बोलावली जातात. त्यांचे मन चांगले असते, हे मी मानते. पण खुर्ची कशी उचलायची हे त्यांना ठाऊक नसते. माझ्या खुर्चीचे हात सुटे होणारे आहेत. तो हात धरून उचलले की हात वर येतो आणि खुर्ची एका अंगाला कलते. नेमके तेच झाले. मी पडले नाही, कारण भाचीने मला कमरेला धरले. परंतु धान्याचे पोते उचलावे तसे अनोळखी पुरुषांनी एका प्रौढ बाईला गर्दीतून उचलून न्यावे आणि त्याला "सोय" म्हणावे, हे मला मान्य नाही.

मला बसवले ते ध्वनिनियंत्रणाच्या मांडवामागे, जनरेटरच्या शेजारी. पहिल्या गाण्याला सगळे मैदान उभे राहिले आणि त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत माणसांच्या पाठी सोडून काहीही दिसण्याचा प्रश्न उरला नाही. गर्दीने उभे राहावे, नाचावे, त्यासाठीच ती आलेली असते. म्हणून तर चौथरा लागतो. स्वच्छतागृह वापरता येणार नाही हे कळल्यावर मला अर्ध्यातून निघावे लागले. मी सकाळपासून जवळजवळ पाणी प्यायले नव्हते. व्हीलचेअर वापरणाऱ्या बहुतेक बायका बाहेर जायच्या दिवशी हेच करतात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या रूपाने त्याची किंमत नंतर मोजतात. हे पत्र मी अंगात ताप असताना लिहिते आहे.

आता पैशांचे बोलते. पाचशे रुपयांवरच्या तिकिटावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो मी पूर्ण भरला. भाची आली नसती तर मी दारातूनच परतले असते, तरीही तिच्या तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले गेले. जे काम आयोजकांनी करायचे ते तिने केले आणि त्यासाठी पैसेही तिनेच मोजले. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी सोबत्याचे तिकीट मोफत असते. अमेरिकेत व्हीलचेअरच्या जागा इतर तिकिटांबरोबर, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने विकायला काढणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तिकीट काढण्याच्या ॲपवर सोफ्याची जागा निवडता येते, मद्याच्या काउंटरजवळची जागा निवडता येते. व्हीलचेअरची जागा असा पर्यायच मला दिसला नाही.

महोदय, आपल्याकडे कायदा नाही असे नाही. भारताने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2007 मध्ये स्वीकारला आणि त्याचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयीच आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 नुसार आम्हाला इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन मिळेल हे पाहणे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. कलम 44 सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कलम 45 ने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून 2022 मध्येच संपली. सेवा देणाऱ्यांसाठी, मग ते सरकारी असोत वा खासगी, कलम 46 ने दोनच वर्षे दिली होती. त्यानंतर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण जे बंधनकारक असायला हवे ते त्याने शिफारशीवर सोडले होते. आणि बंधनकारक निकष तयार करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. एवढे सगळे कागदावर असताना माझ्या चौथऱ्यावर सोफे येतात.

शिक्षेची तरतूद पाहिली तर हे का घडते ते समजते. कलम 89 नुसार पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त दहा हजार रुपये दंड आहे. मोठ्या कार्यक्रमात पुढच्या भागातल्या एकाच तिकिटाला याहून जास्त पैसे पडतात. पुन्हा उल्लंघन केल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड होऊ शकतो, परंतु दुसरे उल्लंघन सिद्ध होण्यासाठी पहिल्याची नोंद तर व्हावी लागते. ती करायची कोणी? ज्याला अर्ध्या कार्यक्रमातून घरी जावे लागले, त्याने?

अंमलबजावणी अवघड असते, यंत्रणा अपुरी आहे, असे उत्तर मला आधी अनेकदा मिळाले आहे. ते मी यापुढे स्वीकारणार नाही आणि त्याचे कारण याच शहरात आहे. 30 एप्रिल 2023 रोजी पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम सुरू असताना रात्रीचे दहा वाजले म्हणून पोलिसांनी मंचावर जाऊन तो थांबवला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. आज राज्यातला प्रत्येक आयोजक, प्रत्येक गायक, प्रत्येक तबलजी घड्याळाकडे बघत भैरवी घेतो. ते नियम पाळले जातात, कारण ते परवानगीच्या कागदावर लिहिलेले असतात आणि मोडले तर कार्यक्रम बंद पडतो. अग्निशमनाची व्यवस्था, रुग्णवाहिका, गर्दीची संख्या हे सगळे त्याच परवानगीत तपासले जाते. मग व्हीलचेअरची वाट आणि स्वच्छतागृह का तपासले जात नाही? कायदा इमारतीच्या नकाशाला अडवतो, पण चार दिवसांसाठी उभा राहिलेला मंडप कोणाच्याच नजरेत येत नाही, आणि आज मोठे संगीत बहुतांशी अशाच मंडपांत आणि मैदानांवर होते.

बंदिस्त नाट्यगृहांची स्थितीही समाधानाची नाही. रॅम्प केला जातो तो बहुधा फोयरपर्यंत. आत शिरले की रांगांकडे पायऱ्याच उतरतात, त्यामुळे आमची खुर्ची शेवटच्या रांगेमागे किंवा मधल्या वाटेत उभी राहते आणि अंधार झाला की वाट अडवल्याबद्दल आम्हालाच हलवले जाते. बारा फूट लांबीला एक फूट चढ, हा रॅम्पचा साधा हिशेब आहे; मी असे रॅम्प पाहिले आहेत ज्यांवरून रिकामी खुर्चीसुद्धा दोन माणसांना आवरत नाही. आणि रंगमंचावर जाण्याचा मार्ग? तिथे दिव्यांग माणूस कलाकार म्हणून येऊ शकेल, हा विचारच कोणी केलेला नसतो. ज्या देशाने दृष्टिहीन पुट्टराज गवई यांच्यासारख्या गुरूंकडून गाणे शिकून घेतले आणि दृष्टिहीन संगीतकार रवींद्र जैन यांच्या चाली घराघरांत गुणगुणल्या, त्या देशातल्या नाट्यगृहांत ही अवस्था आहे.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली आणि ते होते तसेच पुन्हा उभारावे अशी मागणी झाली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूविषयीचे प्रेम मला पूर्ण समजते. तरीही माझी विनंती आहे की ते होते तसेच्या तसे उभारू नका. चेहरा तोच ठेवा, परंतु प्रेक्षागृह, स्वच्छतागृहे, रंगपट आणि रंगमंच या चारही ठिकाणी व्हीलचेअर कोणी न उचलता पोचेल, असे करा. पुण्यात 1968 पासून उभ्या असलेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, तिथेही हा विचार पहिल्या नकाशापासून व्हावा, शेवटी चिकटवलेल्या रॅम्पसारखा नको.

28 जानेवारी 2025 रोजी भुवनेश्वर येथे मा. पंतप्रधानांनी कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मुंबई आणि अहमदाबादच्या कार्यक्रमांचा उल्लेख करून देशात कॉन्सर्ट इकॉनॉमीला, म्हणजे संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांभोवतीच्या अर्थकारणाला, मोठा वाव असल्याचे सांगितले. तेव्हापासून प्रत्येक परिषदेत हॉटेलांच्या खोल्या, विमानांची तिकिटे आणि रोजगार यांचे आकडे मांडले जातात. त्याच वाद्यवृंदाने त्या जगभराच्या दौऱ्यात कर्णबधिर श्रोत्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि संगीताची कंपने अंगावर जाणवतील अशी जाकिटे दिली, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. तेव्हा गणनेत आठच प्रकार होते, आज कायदा 21 प्रकार मानतो. म्हणजे खरी संख्या याहून कितीतरी मोठी असणार. वयामुळे गुडघे गेलेले, हृदयविकार असलेले, मधुमेही श्रोते तर त्यात नाहीतच. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईतल्या एका परदेशी गायकाच्या कार्यक्रमात एका मधुमेही श्रोत्याला वेळेत स्वच्छतागृह मिळाले नाही आणि त्याच्यावर कपड्यांतच लघवी होण्याची वेळ आली. त्याने हे स्वतः जाहीरपणे सांगितले. त्याच्या धैर्याला माझा नमस्कार आहे, पण ते दाखवण्याची वेळ त्याच्यावर यायला नको होती.

3 डिसेंबर 2022 रोजी राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आज असे दिसते की त्या विभागाकडे बोट दाखवून इतर सगळे विभाग मोकळे झाले. मी सांस्कृतिक खात्याकडे लिहिले की दिव्यांग विभागाकडे जा म्हणतात, तिथे गेले की मैदान महापालिकेचे आहे म्हणतात, महापालिका म्हणते कार्यक्रमाची परवानगी पोलिसांची, आणि पोलीस म्हणतात आमच्या नमुन्यात असा रकाना नाही. चार खात्यांच्या मध्ये एक व्हीलचेअर उभी आहे आणि ती आपली आहे असे एकही खाते म्हणत नाही.

तो रकाना निर्माण करणे आपल्या हातात आहे. गृह आणि नगरविकास विभागांना बरोबर घेऊन एक शासन निर्णय काढावा, एवढीच माझी मागणी आहे. तिकीट लावून होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या अर्जासोबत जागेचा नकाशा जोडलेला असावा आणि त्यात व्हीलचेअरचा चौथरा, प्रवेशद्वारापासून तिथपर्यंतची पक्की वाट आणि जवळचे सुगम स्वच्छतागृह दाखवलेले असावे. त्या जागांची विक्री इतर तिकिटांबरोबरच सुरू व्हावी आणि सोबत्याचे तिकीट मोफत असावे. दुभाषा आहे की नाही, लखलखणारे दिवे वापरले जाणार का, गोंगाट असह्य होणाऱ्यांसाठी शांत खोली आहे का, हे तिकीट विकतानाच सांगितलेले असावे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्थानिक दिव्यांग संघटनेच्या प्रतिनिधीने, स्वतःच्या खुर्चीतून, ती वाट पार करून पाहावी आणि त्याच्या सहीशिवाय अंतिम परवानगी मिळू नये. चौथरा दुसऱ्या कोणाला दिला तर आयोजकाची अनामत रक्कम जप्त व्हावी.

गेल्या शनिवारच्या प्रकाराची तक्रार मी ईमेल, तिकिटे आणि छायाचित्रांसह पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे याच आठवड्यात दाखल करत आहे आणि त्यात आयोजकांबरोबर परवानगी देणाऱ्या कार्यालयालाही पक्षकार करणार आहे. हिवाळ्यातील महोत्सवांच्या परवानग्या लवकरच दिल्या जातील. त्यापूर्वी हा शासन निर्णय निघणार की नाही आणि निघणार असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, हे आपल्या स्वाक्षरीने मला लेखी कळवावे. उत्तर दुसऱ्या विभागाकडे वर्ग करू नये.

आपली,
एक तिकीटधारक श्रोता,
पुणे

प्रत माहितीसाठी : मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य