लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाला आपली परिषद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नाशिक रोडला एका रद्दीवाल्याकडे खोकेभर कॅसेट दिसल्या. प्लास्टिकच्या भावाने घेतलेल्या. बहुतेक भीमगीतांच्या, काही लग्नातल्या गाण्यांच्या, दोन वगनाट्याच्या. एक डबी उघडली, तर आतल्या घडीच्या कागदावर गायक, कोरस, ढोलकी, हार्मोनियम अशी अकरा नावे बारीक टायपात छापलेली. भीमगीतांचे कवी-गायक वामनदादा कर्डक यांचे देशवंडी हे गाव इथून फार लांब नाही. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण गावोगाव रात्र-रात्र गात हिंडलेल्या पार्टीतल्या त्या ढोलकीवाल्याचे नाव या कागदाखेरीज आणखी कुठे छापले गेले असेल, असे मला वाटत नाही. टेपवर पांढरी बुरशी धरली होती. मी खोके उचलून आणले. ते कुणाच्या स्वाधीन करावे, हे मात्र अजून उमगलेले नाही.

मी तीस वर्षे मराठी शिकवले. माझ्या एका विद्यार्थिनीने याच कॅसेटांवर पीएचडी करायचे ठरवले होते. विद्यापीठाच्या समितीपुढे तिला विचारले गेले, ‘यात साहित्य कुठे आहे?’ तिने विषय बदलला. आता ती कादंबरीतल्या स्त्रीचित्रणावर लिहिते. चांगले लिहिते, पण तिच्या वस्तीतली गाणी तिच्याइतकी जाणणारे दुसरे कोण होते?

अमेरिकेत हा वाद केव्हाच झडून गेला. रे ब्राऊन हे मूळचे लोकसाहित्याचे अभ्यासक. १९६७ मध्ये ते ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात आले आणि त्याच वर्षी त्यांनी लोकप्रिय संस्कृतीला, म्हणजे सर्वसामान्यांत खपणाऱ्या गाणी-गोष्टी-चित्रांना, वाहिलेले नियतकालिक सुरू केले. दोन वर्षांत कॉमिक्स आणि स्वस्त कादंबऱ्यांचे ग्रंथालय, पुढे देशभरातल्या अभ्यासकांची संघटना, १९७३ मध्ये स्वतंत्र विभाग. सहकाऱ्यांनी नाके मुरडली, पण ते हटले नाहीत. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या नंतर उभ्या राहिलेल्या प्रादेशिक संघटना. दक्षिणेची वेगळी, मध्य-पश्चिमेची वेगळी, नैर्ऋत्येची वेगळी. नैर्ऋत्येची परिषद आल्बुकर्कीला भरते, दक्षिणेची संघटना स्वतःचे नियतकालिक काढते. लहान गावातल्या महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि नुकता कामाला लागलेला संशोधक विद्यार्थी तिथे निबंध वाचू शकतात. परिसरातल्या माणसांपुढे बोलायचे असल्याने ‘हे तसे नव्हते’ म्हणणारा जाणकार समोरच बसलेला असतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या चमूने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायांकडून उतरवून घेतल्या. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पण ओवी ‘लोकसाहित्य’ म्हणून वाचली आणि कादंबरी ‘साहित्य’ म्हणून. या दोहोंच्या मधला बाजारातला माल कुणाचाच नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड या नायकांसाठी वाचनालयांत नंबर लागत. आज या रहस्यकथांचा संपूर्ण संच अभ्यासायचा म्हटले तर हौशी संग्राहकांचे उंबरे झिजवावे लागतात. तमाशाची हँडबिले, जत्रेतली छापील चित्रे, एसटी स्टँडवर मिळणारी गाण्यांची पुस्तके, सगळ्यांची हीच गत.

म्हणून महाराष्ट्र-गोव्यापुरती लोकप्रिय संस्कृतीची एक अभ्यास परिषद निघावी. फार खर्चाचे काम नाही. वर्षातून दोन दिवस, दर वर्षी वेगळ्या जिल्ह्यात, एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात. तमाशाचे केंद्र असलेल्या नारायणगावला भरली तर तमाशाच्या फडमालकांनाही व्यासपीठावर बसवावे, ऐकायला बोलावून मागच्या खुर्च्यांवर नव्हे. संग्राहकाला पदवी विचारू नये. पहिल्या वर्षी निदान कुणाकडे काय आहे याची यादी तरी व्हावी. सरकारी अनुदानाची वाट पाहू नये, वर्गणीतून सुरुवात करता येईल. माझी वर्गणी आणि हे खोके, दोन्ही तयार आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कॅसेट निघाल्या तर टाकण्याआधी आतला कागद काढून ठेवा, आणि टेप चालत असेल तर मोबाइलवर एकदा वाजवून उतरवून घ्या.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड