दिल्लीची गाडी आणण्यापूर्वी

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मकरंद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेले दिल्लीच्या जुन्या गाडीचे अठरा फोटो तुझ्या आईने आणि मी दोनदा पाहिले. फोनवर मी फारसे बोललो नाही, त्यावरून तुला ही गाडी मला पसंत नाही असे वाटले असेल, पण तसे मुळीच नाही. जे सांगायचे आहे ते लांबलचक आहे आणि त्यातील एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही, म्हणून ती लिहूनच कळवावी असे ठरवले.

तुझ्या इंदुरात अशाच गाडीला जो भाव सांगतात त्याच्या मानाने दिल्लीचा भाव इतका उतरलेला का, हा प्रश्न तू विचारलास हे चांगले केलेस. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास मनाई केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. तेव्हापासून तिकडचे लोक डिझेल गाडी नवव्या वर्षीच विकायला काढू लागले. तू पाहिलेली गाडी डिझेलची आहे आणि तिला नऊ वर्षे पूर्ण झाली आहेत, तेव्हा स्वस्ताईचे कारण गाडीत नसून गावात असण्याचा संभव बराच आहे. आपल्याकडे नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, म्हणून आपल्याला ती गाडी अजून पुष्कळ वर्षे वापरता येईल. मात्र मध्य प्रदेशचा आजीवन कर नव्याने भरावा लागेल, विक्रेत्याचा विम्यातील नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सूट, त्याच्याकडेच राहील त्यामुळे तुझा हप्ता वाढेल, आणि दिल्लीच्या एक-दोन खेपाही होतील. हा सगळा खर्च कागदावर मांडून बेरीज कर आणि त्यानंतरही फरक उरत असेल तरच तिकीट काढ.

गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही टोकन म्हणून पाठवू नकोस. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी आहे, अशी बतावणी करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या कित्येक वर्षांपासून चालू आहेत. पैसे मिळण्यासाठी म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर लक्षात ठेव की पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्री विक्रेत्याला सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेव. ते कोमट लागले तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे आणि थंड इंजिनाचा स्वभाव तुला कळू दिलेला नाही, असे समजावे. सुरू केल्यावर मागे जाऊन धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी. ऑइल ओतायचे झाकण उघडून आतून बोट फिरव. सायीसारखा पांढुरका थर लागला तर तेथूनच नमस्कार करून परत ये.

दिल्लीच्या गाडीत मी सर्वांत जास्त भितो तो पुराला. 2023 च्या जुलैमध्ये यमुनेचे पाणी 208.66 मीटरपर्यंत चढले होते, जे तोवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा अधिक होते, आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन, वास काढून, नवे सीट कव्हर घालून विकली जाते आणि फोटोत तिच्यासारखी देखणी दुसरी नसते. तू पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढ, कारण पट्ट्याचा जो भाग नेहमी गुंडाळलेलाच असतो तो कोणी धूत नाही आणि त्यावर चिखलाची रेघ तशीच राहते. सीट पुढे सरकवून तिच्या रुळांवर आणि बोल्टांवर टॉर्च मार. तेथे गंज किंवा वाळलेली बारीक माती दिसली तर विक्रेता काहीही सांगो, ती गाडी आपली नव्हे.

बाकीच्या गोष्टी आपल्या मिस्त्रींनी सांगितल्या आहेत, त्या थोडक्यात लिहितो. सर्व काचांवर कोरलेले वर्ष जुळते का ते पाहा. एकच काच नंतरच्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते विचारावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. गाडी ऐंशी हजार किलोमीटर चाललेली आणि चारही टायर मुळातलेच असे कोणी सांगितले तर मीटर आणि टायर यांतले एक काहीतरी खोटे आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांचा रंग खरवडलेला असेल तर ते कधीतरी खोलले गेले आहेत. मीटर मागे फिरवलेले आहे का हे कंपनीच्या वर्कशॉपमधील सर्व्हिसच्या नोंदींवरून कळते, कारण प्रत्येक खेपेला तेथे किलोमीटर लिहिलेले असतात. विक्रेत्याला तुझ्यासमोर वर्कशॉपला फोन करायला सांग. जो प्रामाणिक आहे तो लगेच करील.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ती अशी.

1998 साली आपण पांढरी मारुती 800 घेतली ती दिल्लीहूनच, हे तुला ठाऊक आहे. ती एका निवृत्त शिक्षकांची होती. त्या गृहस्थांनी गाडी लेकराप्रमाणे सांभाळली होती, फॉर्मांवर सह्या केल्या होत्या आणि स्वतः खेटे घालून तिथल्या आरटीओची एनओसीसुद्धा, म्हणजे गाडी परराज्यात नेण्यास हरकत नसल्याचा दाखला, काढून माझ्या हातात दिली होती. मी ती सगळी कागदपत्रे एका पाकिटात घालून कपाटात ठेवली. परराज्यातील गाडी नव्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, असे मोटार वाहन कायद्याचे 47 वे कलम सांगते. मी त्याचा अर्थ बारा महिने निवांत बसायला हरकत नाही असा सोयीस्कर लावला. मालकी बदलल्याची खबर घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावी असे 50 वे कलम सांगते, हे मी वाचलेच नव्हते.

आठ महिन्यांनी एका सकाळी मी दाल बाजारात गाडी उभी केली आणि मागे न पाहता दार उघडले. सायकलवर किटल्या लावून एक दूधवाला येत होता तो दारावर आदळला. त्याच्या मनगटाचे हाड मोडले, रस्ताभर दूध सांडले आणि चूक सर्वस्वी माझी होती. मी त्याला दवाखान्यात नेले, खर्च केला, तो बराही झाला. परंतु पोलिसांनी नोंद केली ती गाडीच्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक अजून दिल्लीचा होता. नोटीस त्या शिक्षकांच्या घरी गेली.

ते ताज एक्स्प्रेसने ग्वाल्हेरला आले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. आपल्या दारात उभे होते तेव्हा त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात ती नोटीस आणि मी लिहून दिलेली गाडी ताब्यात मिळाल्याची पावती होती. तुझ्या आजीने त्यांना पाणी दिले. त्यांनी आवाज चढवला नाही, दोषही दिला नाही, फक्त हिंदीत एवढेच विचारले की बाबा रे, गाडी अजून माझ्याच नावावर आहे का? मी कपाटातून ते पाकीट काढले, तेव्हा ते जसे दिले होते तसेच बंद होते आणि त्यांनी ते ओळखले. आयुष्यभर एकही नोटीस न आलेल्या माणसाच्या दारी माझ्या आळसामुळे पोलीस गेले होते आणि शेजाऱ्यांनी ते पाहिले होते. त्या दिवशीची लाज अजून माझ्या मनातून गेलेली नाही. दुसऱ्याच दिवशी मी आरटीओत जाऊन विलंबाचा दंड भरला आणि गाडी नावावर होईपर्यंत तिला हात लावला नाही.

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने गाडीचा मालक, आणि मध्ये ती किती हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. म्हणून जाणता विक्रेता तुझ्याकडे ओळखपत्राच्या प्रती, पत्त्याचा पुरावा आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती मागेल. त्याचा राग मानू नकोस. जो यातले काहीच मागत नाही आणि कोऱ्या फॉर्मावर सह्या करून देतो, तो बहुधा मालक नसून मधला माणूस असतो. आरसीवर म्हणजे नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे त्याला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय व्यवहार करू नकोस, आणि आरसीवरचे चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी एकेक अक्षर लावून पाहा.

कागदांचा क्रम असा ठेव. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवून घ्यायला सांग. थकलेली चालाने, म्हणजे वाहतुकीचे दंड, भरल्याशिवाय एनओसी मिळत नाही, तेव्हा ती परिवहनच्या संकेतस्थळावर तूच पाहून घे. एनओसीचा अर्ज फॉर्म 28 वर विक्रेत्याने करायचा असतो आणि त्यात गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार ते लिहावे लागते. येथे तुझी गफलत होण्याचा संभव आहे, कारण तुझ्या आधारवर अजून आपला ग्वाल्हेरचा पत्ता आहे, म्हणजे आरटीओ एमपी 07, आणि गाडी तर इंदुरात, म्हणजे एमपी 09 मध्ये राहणार आहे. माझे मत असे की आधी आधारवर इंदूरचा पत्ता करून घे आणि मगच विक्रेत्याला इंदूरचे नाव सांग. त्यात पंधरा दिवस गेले तर जाऊ देत. मालकी बदलाच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 तुझ्या डोळ्यांसमोर भरून सही झाल्यावरच घे. नोंदणीच्या नव्या क्रमांकासाठी फॉर्म 27 इंदुरात लागेल. पैसे बँकेतूनच दे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास 2017 पासून कायद्यानेच बंदी आहे. विम्याच्या कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते, पण तू निघण्यापूर्वीच कळव. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे मात्र आपोआप येत नाही.

गाडी ट्रेलरवर न घालता स्वतः चालवत आणण्याचा तुझा विचार मला आवडला. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास चालवताना गाडीचे जे गुणदोष कळतात ते कोणतीही तपासणी सांगत नाही. परंतु ती दोन टप्प्यांत आण आणि पहिला मुक्काम घरी कर. दिल्ली ते आग्रा यमुना एक्स्प्रेस वेने येऊ नकोस. तो 165 किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता ताशी शंभरने पळायला उत्तम आहे, पण अनोळखी गाडीचे जुने टायर त्यावर तापतात आणि काही बिघडले तर जवळ ना गॅरेज ना माणूस. पलवल, कोसी, मथुरा हा जुना रस्ता गर्दीचा आहे, तरी तेथे दर दोन मैलांवर मिस्त्री भेटतो. सध्या धुके पडते आहे, म्हणून ऊन वर आल्याशिवाय दिल्ली सोडू नकोस आणि चंबळचा पूल उजेडातच ओलांड. दर शंभर किलोमीटरवर थांबून तापमानाचा काटा आणि गाडीखालची जमीन पाहा. विक्रेत्याचा फास्टॅग त्याच्या खात्याशी जोडलेला असतो. तो त्याला बंद करायला सांग आणि तुझा नवा लावून घे, नाही तर पाच राज्यांच्या वाटेवरचा टोल त्या बिचाऱ्याच्या खात्यातून जाईल.

आपल्या मिस्त्रींना रविवार मोकळा ठेवायला सांगितले आहे. तू शनिवारी संध्याकाळी पोहोचलास तर रविवारी सकाळी ते चाके काढून ब्रेक पाहतील, बेल्ट आणि कूलंटचे पाइप पाहतील, आणि ते हो म्हणाले तरच सोमवारी शिवपुरी, गुणा, ब्यावरा मार्गे इंदूरला निघायचे. आई मोरेन्याची गजक आणायला सांगते आहे. ती पुलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे, मोरेन्यातच घे.

आणि विक्रेत्याकडून दुसरी किल्ली मागून घे, ती मागायची नेहमी राहून जाते. गाडी तुझ्या नावावर झाली की नव्या आरसीची एक प्रत विक्रेत्याला लगेच पाठव. त्या शिक्षकांना मी ती पाठवली होती, पण दहा महिने उशिरा.

तुझे,
बाबा