थांबलेली शिष्यवृत्ती पुन्हा मिळण्याचा मार्ग लेखी असावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे दिवस आले की नागपुरातील महाविद्यालयांत काही विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीवरून हिरमुसून परततात. मागील वर्षी गुण कमी पडले, विषय राहिले किंवा वर्षच वाया गेले, म्हणून त्यांची मदत थांबलेली असते. ती कोणत्या नियमाने थांबली हे त्यांना सांगितले जाते. ती पुन्हा कशी सुरू होऊ शकेल, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही.

बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती पाहा. आपल्या मंडळात 80 पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना तिच्यातून पदवीसाठी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नूतनीकरणासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे मंडळातील वरच्या पाचव्या हिश्श्यातला विद्यार्थी पहिल्या वर्षी 48 टक्क्यांवर आला की त्याचे नूतनीकरण अडते. एका वर्षात त्याची बुद्धी कमी झालेली नसते. गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेल्या मुलाला मराठी माध्यमातून थेट इंग्रजी पुस्तकांशी झगडावे लागते, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे जुळवावे लागतात, आणि धानाची कापणी व हिवाळी परीक्षा जवळपास एकाच सुमारास येत असल्याने घरातील कर्ते माणूस आजारी पडले तर पुस्तक मिटून गावी जावे लागते. पैशांची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच मदत थांबते, मग तो संध्याकाळी कुठेतरी काम धरतो आणि पुढचे सत्रही हातचे जाते.

नियमांत माणुसकी अजिबात नसते असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या 2010 च्या नियमावलीत, आजारपणामुळे किंवा अनपेक्षित घटनेमुळे परीक्षा देता आली नाही तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि 'परीक्षा दिली असती तर हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता' असा संस्थाप्रमुखांचा दाखला यांवर नूतनीकरणाची सोय होती. वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या गटात पहिल्यांदा नापास झालेल्यालाही शिष्यवृत्ती चालू ठेवता येत होती. पण प्राचार्यांकडे असा दाखला मागता येतो, हे किती पालकांना ठाऊक होते?

अमेरिकेतील केंद्रीय विद्यार्थी मदतीची पद्धत या बाबतीत मला अनुकरणीय वाटते. तिथे प्रगती अपुरी ठरून मदत बंद झालेल्या विद्यार्थ्याला, महाविद्यालयाने तशी सोय ठेवली असल्यास, अपील करता येते. आजारपण, घरातील मृत्यू किंवा तशीच काही विशेष परिस्थिती असेल तर प्रगती का खुंटली आणि आता काय बदलले आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. अपील मान्य झाले की एका सत्रापुरती मदत मिळते, किंवा अभ्यासाचा आराखडा आखून त्यानुसार ती चालू राहते. यातील दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो विद्यार्थ्याच्या मागच्या गुणपत्रिकेवर न थांबता त्याच्या पुढच्या सत्राकडे पाहतो.

सरकारी योजनांचे निकष महाविद्यालयाला बदलता येणार नाहीत, हे मान्य आहे. परंतु राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांना दोन-तीन शिक्षकांची समिती नेमायला सांगावे. या समितीने विद्यार्थ्याचे म्हणणे लेखी घ्यावे, नियमात बसेल तिथे प्राचार्यांची शिफारस मिळवून द्यावी, राहिलेले विषय सोडवण्याचा सत्रनिहाय आराखडा त्याच्यासोबत बसून करावा आणि तोवर शुल्काचे हप्ते पाडून द्यावेत. कोणत्या योजनेत मदत पुन्हा सुरू होते, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि अर्ज कोणत्या शिक्षकाकडे द्यायचा, हे हिवाळी परीक्षेचे निकाल लागण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मराठीत लावले जावे, अशी माझी विद्यापीठाला आणि प्राचार्यांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
प्रतापनगर, नागपूर